शहराच्या उत्सर्जनाची खतावणी कशी लिहावी

मी लेखा विभागातली. पर्यावरण कक्षाने शहराच्या हरितगृह वायूंची मोजणी करायला घेतली तेव्हा आमच्याकडून त्यांना नुसती विजेची बिलं हवी होती. बिलं दिली. मग त्यांची बेरीज कुणी करायची असा प्रश्न निघाला, आणि कचेरीत जो बेरीज करतो तोच पुढच्या सगळ्या कामाचा धनी होतो. तेव्हापासून ही मोजणी माझ्या टेबलावर आहे, आणि इतर ठिकाणची मंडळीही आपापले तक्ते तपासायला पाठवतात. त्यांत पुन्हा पुन्हा दिसणारे घोळ आणि त्यांवरची माझी रीत इथे लिहिते आहे. अहवाल कसा सजवावा हे यात नाही. पुढच्या अंदाजपत्रकात निदान एखादा आकडा बदलेल अशी मोजणी कशी करावी, एवढंच आहे.

आधी दोन वह्या वेगळ्या करा

पहिली वही पालिकेच्या स्वतःच्या कारभाराची: पथदिवे, पाण्याचे पंप, सांडपाणी केंद्र, कचरागाड्या, कार्यालयं, शाळा, दवाखाने. दुसरी वही अख्ख्या शहराची: घरं, दुकानं, कारखाने, रस्त्यावरची सगळी वाहनं, सगळा कचरा. पहिली दुसरीच्या पोटातच असते, म्हणून दोन्हींची बेरीज करायची नाही. हे सांगायची वेळ येऊ नये, पण पथदिव्यांची वीज दोनदा धरलेली हमखास सापडते: एकदा वीज कंपनीच्या एकूण आकड्यात, एकदा पालिकेच्या बिलांवरून.

शहराच्या एकूण उत्सर्जनात पालिकेचा स्वतःचा वाटा बहुतेक ठिकाणी मोजके टक्केच भरतो. तरी सुरुवात तिथूनच करा. बिलं आपल्याच कपाटात असतात, कुणाची मनधरणी करावी लागत नाही आणि हात बसतो. फक्त तिथेच मुक्काम ठोकू नका. सौर पॅनेल बसवलेली मुख्य इमारत फोटोत छान दिसते, पण शहराचा आकडा तिने हलत नाही.

हद्द, वर्ष आणि वीज केंद्राचा पेच

स्वतःची पद्धत शोधत बसू नका. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी४० आणि इक्ली या तीन संस्थांनी २०१४ मध्ये शहरांसाठी एक नियमावली आणली, ती जीपीसी नावाने ओळखली जाते. जगभरची शहरं तीच वापरतात. तिचे तीन कप्पे समजले की अर्धं काम झालं. हद्दीच्या आत जळालेलं इंधन आणि आतच तयार झालेला वायू हा स्कोप १. ग्रिडमधून, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातून, घेतलेली वीज, जी बहुधा बाहेर कुठेतरी तयार झालेली असते, ती स्कोप २. आणि शहरातल्या व्यवहारामुळे हद्दीबाहेर होणारं बाकीचं उत्सर्जन, जसं बाहेरच्या डेपोवर गेलेला आपला कचरा, ते स्कोप ३.

या नियमावलीत दोन पातळ्या आहेत, बेसिक आणि बेसिक प्लस. पहिल्या खेपेला बेसिकच करा. इमारतींमधली ऊर्जा, शहरातली वाहतूक आणि शहराने निर्माण केलेला कचरा व सांडपाणी एवढं त्यात येतं. कारखान्यांच्या रासायनिक प्रक्रिया, शेती व जमिनीचा वापर आणि हद्द ओलांडणारे प्रवास हे प्लसमध्ये. महत्त्वाकांक्षी सल्लागार पहिल्याच वर्षी प्लस सुचवतात. त्यांना ठामपणे नाही म्हणा.

हद्दीत मोठं औष्णिक वीज केंद्र असेल तर पहिला वाद तिथे होतो. त्याचा सगळा धूर आपल्या माथी का, असं कुणीतरी विचारतंच, आणि प्रश्न रास्त आहे. ग्रिडला वीज पुरवणाऱ्या केंद्राचं उत्सर्जन स्कोप १ मध्ये नोंदवायचं, पण बेसिकच्या बेरजेत धरायचं नाही, असा नियम आहे. कारण तीच वीज वापरणाऱ्यांच्या नावावर स्कोप २ मध्ये लागलेली असते. बाहेरच्या गावांचा कचरा आपल्या डेपोवर येत असेल तर तोही असाच वेगळा दाखवायचा. उलट आपला कचरा दुसरीकडे जात असेल तर तो आपल्याच खात्यात राहतो. गाडी हद्दीबाहेर गेली म्हणून जबाबदारी गेली, असं होत नाही.

आधारवर्ष निवडताना २०२० टाळा. टाळेबंदीमुळे रस्ते रिकामे होते. त्या वर्षाशी तुलना केली की पुढची सगळी वर्षं वाईट दिसतील. फार कडक उन्हाळ्याचं किंवा थंडीचं वर्षही घेऊ नका. आर्थिक वर्ष घ्यायचं की कॅलेंडर वर्ष, यावर चर्चा लांबवू नका. ज्यात जास्त माहिती मिळते ते घ्या आणि मग बदलू नका.

पत्र कसं लिहावं

माहिती मागण्याच्या पत्रापाशीच बहुतेक मोजण्या अडतात. ‘शहरातील वीजवापराची माहिती मिळावी’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही, किंवा गठ्ठाभर कागद येतील. पत्रासोबत रिकामा तक्ता जोडा: ओळींमध्ये ग्राहकवर्ग (घरगुती, वाणिज्य, उद्योग, शेती, पाणीपुरवठा, पथदिवे), रकान्यांत महिने. वीज कंपनीच्या माणसाने फक्त आकडे भरायचे. एकेका ग्राहकाची माहिती मागू नका. ती गोपनीय म्हणून नाकारली जाते आणि तुम्हाला तिची गरजही नसते.

वीज कंपनीच्या उपविभागाची हद्द आणि पालिकेची हद्द सहसा जुळत नाही. चार खेडी जास्त आलेली असतात किंवा एक वॉर्ड सुटलेला असतो. फीडरनिहाय, म्हणजे एकेका वीजवाहिनीचे, आकडे मिळाले तर उत्तम, नाही तर ग्राहकसंख्येच्या प्रमाणात विभागणी करा आणि ती कशी केली ते त्याच तक्त्याखाली लिहून ठेवा. ते टिपण पुढच्या वर्षी सोन्याच्या मोलाचं ठरतं.

एककांकडे डोळ्यात तेल घालून पाहा. कुणी युनिटमध्ये देतं, कुणी लाख युनिटमध्ये, कुणी दशलक्षात. गॅसची माहिती कधी किलोत येते, कधी सिलिंडरच्या संख्येत, आणि घरगुती व व्यावसायिक सिलिंडरचं वजन वेगळं असतं. मी प्रत्येक आकड्याला माणशी भागून बघते. माणशी वीजवापर शेजारच्या शहराच्या दसपट निघाला तर शहर श्रीमंत नाही, शून्य जास्त पडलंय.

पत्रावर अधिकाऱ्याचं नाव न घालता पदनाम घाला, आणि ते दरवर्षी त्याच महिन्यात पाठवा. वर्षअखेरीच्या गर्दीत नको. खाजगी जनरेटरमध्ये जळणारं डिझेल, कारखान्यांच्या बॉयलरमधला कोळसा, चुलीतलं सरपण यांचे आकडे कुणा एकाकडे नसतात. ते प्रदूषण नियंत्रणाच्या परवान्यांतून, इंधन विक्रेत्यांकडून किंवा नमुना पाहणीतून काढावे लागतात. सरपणाबद्दल एक ध्यानात ठेवा: त्याचा कार्बन डायऑक्साइड वेगळा नोंदवायचा, एकूण बेरजेत नाही; मात्र चुलीतून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड बेरजेत येतो.

हे सगळं सुरू करण्याआधी आपल्या देशात तयार आकडे आहेत का ते बघा. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच प्रत्येक स्थानिक संस्थेचं उत्सर्जन दरवर्षी प्रसिद्ध करतं, २००५ पासूनचे आकडे त्यात सापडतात. तिथल्या माझ्यासारख्या कारकुनांचा मला हेवा वाटतो.

गुणाकार

गणित शाळेतलं आहे. वापर गुणिले उत्सर्जन गुणांक. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर डिझेलला सुमारे २.७ किलो, एक किलो स्वयंपाकाच्या गॅसला सुमारे ३ किलो. कोळशाचा गुणांक त्याच्या दर्जावर ठरतो. विजेचा तर देशागणिक बदलतो: कोळशावर चालणाऱ्या ग्रिडला एका युनिटमागे ०.७ किलो किंवा त्याहून जास्त, अणुऊर्जा किंवा जलविद्युत मुख्य असेल तिथे त्याच्या एक दशांशाहूनही कमी. आपल्या राष्ट्रीय वीज प्राधिकरणाने त्या वर्षासाठी जाहीर केलेला आकडाच घ्या. इंटरनेटवरच्या गणकयंत्रात दुसऱ्याच देशाचा आकडा बसलेला असतो.

वर्षाला १० कोटी युनिट वापरणारं शहर घेतलं आणि गुणांक ०.७ धरला तर ७ कोटी किलो, म्हणजे ७०,००० टन. पुढे मी अधूनमधून हाच गुणांक वापरते.

मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांना कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणायला तापमानवाढ क्षमतेचा गुणक (तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा) लागतो, आणि इथे एक सापळा आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने मिथेनचा शंभर वर्षांचा गुणक दुसऱ्या मूल्यांकनात २१ धरला होता, चौथ्यात २५, पाचव्यात २८. म्हणजे जुन्या यादीत २१ आणि नव्यात २८ वापरला की कचऱ्याचं उत्सर्जन कागदावर एक तृतीयांशाने वाढतं, डेपोवर काहीही न घडता. कोणता गुणक घेतला ते पहिल्या पानावर लिहा. बदललात तर आधारवर्षही नव्याने मोजा.

कचरा: इथे वेळ घालवा

एकूण आकड्यात कचऱ्याचा वाटा विजेपेक्षा बहुधा लहान दिसतो, म्हणून तो शेवटी उरकला जातो. माझ्या मते हे उलटं आहे. वीज कशी तयार व्हावी यावर पालिकेचा जवळजवळ ताबा नसतो. कचरा मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या बादलीपासून शेवटच्या ढिगापर्यंत तिच्याच हातात असतो. शिवाय वीस वर्षांच्या मुदतीत मोजलं तर मिथेनचा गुणक ८० च्या वर जातो.

एक टन ओला अन्नकचरा खोल, न झाकलेल्या ढिगात टाकला तर काय होतं ते बघू. त्यातला कुजणारा कार्बन वजनाच्या १५ टक्के. त्यातला निम्मा प्रत्यक्षात कुजतो. खोल ढिगात हवा कमी पोचते, म्हणून ०.८ हा दुरुस्ती गुणक. निघणाऱ्या वायूत निम्मा मिथेन. कार्बनचं मिथेनमध्ये रूपांतर करायला १६ भागिले १२. सगळं गुणलं की ४० किलो मिथेन येतो, आणि २८ ने गुणल्यावर सुमारे १.१ टन. म्हणजे एक टन उष्टंखरकटं हवेत एक टनाहून जास्त भार टाकतं.

तोच टन खत करायला नेला तर? नीट चालवलेल्या खतप्रकल्पातूनही थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. प्रमाण आकडे लावले तर टनामागे पावणेदोनशे किलोच्या आसपास. फरक जवळपास ९०० किलोंचा. एवढा मोठा फरक इतक्या साध्या कामातून मिळावा असं दुसरं खातं मला माझ्या वहीत सापडलेलं नाही.

पण त्यासाठी दारात कचरा वेगळा व्हायला हवा, आणि योजना तिथेच अडते. मिलानने २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने संपूर्ण शहरात अन्नकचऱ्याचं घरोघरी वेगळं संकलन सुरू केलं. सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये वर्गीकरण कायद्यानेच सक्तीचं केलं. इंदूरमध्ये २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, त्याच्यामागे घरोघरच्या वर्गीकरणाची आधीची काही वर्षं होती. यंत्र आधी आणि वर्गीकरण मग, असा क्रम ज्यांनी लावला त्यांच्याकडे गंजलेली यंत्रं आहेत. बायोगॅसचा प्रकल्प असेल तर गळतीही धरा. मोजमाप नसेल तर प्रमाण म्हणून ५ टक्के धरतात.

ढिगाच्या गणिताच्या दोन पद्धती आहेत. एकीत या वर्षी टाकलेल्या कचऱ्याचा भविष्यातला सगळा मिथेन याच वर्षाच्या नावावर लिहितात. दुसरीत जुन्या वर्षांच्या कचऱ्यातून या वर्षी प्रत्यक्ष किती निघाला ते मोजतात. दुसरी शास्त्राला अधिक धरून आहे, पण तिला कित्येक वर्षांची जुनी आकडेवारी लागते, आणि कचरा टाकणं आज बंद केलं तरी आकडा लगेच उतरत नाही. निर्णयासाठी पहिली बरी, कारण आज वळवलेला टन आजच दिसतो. जुन्या ढिगाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो: तो झाकणं, वायू नळ्यांनी गोळा करणं, निदान जाळून टाकणं.

सांडपाण्याचं गणित याच घराण्यातलं आहे. मैला उघड्या, साचलेल्या, हवा न मिळणाऱ्या जागी कुजला की मिथेन. सेप्टिक टाक्या मोजायला विसरू नका.

वाहतूक: चार पद्धती, चार उत्तरं

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे हद्दीतल्या पंपांवर विकलेलं इंधन. सोपी आहे, पण महामार्गावरचे पंप हद्दीत असतील तर परगावच्या मालमोटारींचं डिझेल आपल्या नावावर चढतं. दुसरी पद्धत हद्दीत प्रत्यक्ष झालेली वाहतूक मोजते, तिसरी इथल्या रहिवाशांची, आणि चौथी शहरामुळे घडलेले प्रवास मोजून हद्द ओलांडणाऱ्यांचा सहसा निम्मा भाग धरते. एकाच शहराचे या चारही पद्धतींनी निघालेले आकडे जुळत नाहीत. जुळावेत अशी अपेक्षाही नाही.

सुरुवातीला इंधनविक्री घ्या, महामार्गावरचे पंप वेगळे काढा आणि रस्त्यावर काही दिवस वाहनगणना करून पडताळा. मात्र एक ध्यानात ठेवा: इंधनविक्रीचा आकडा किती जळालं ते सांगतो, कुणी आणि कुठे जाण्यासाठी जाळलं ते सांगत नाही. बसमार्ग कुठून न्यायचा हे ठरवायला प्रवासांची पाहणी लागतेच.

रिकामा रकाना रिकामाच ठेवू नका

नियमावलीत यासाठी ठरलेल्या खुणा आहेत: ही गोष्ट इथे घडतच नाही, ती दुसऱ्या रकान्यात धरली आहे, ती मोजलेली नाही, ती गोपनीय आहे. त्या वापरा. ‘शून्य’ आणि ‘माहीत नाही’ यांत फार मोठं अंतर आहे, आणि लेखापरीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. प्रत्येक आकड्यासमोर त्याचा दर्जाही लिहा: उच्च, मध्यम, कमी. सभागृहात कुणी ‘हा आकडा कुठून आणलात’ विचारलं की हा रकाना तुम्हाला वाचवतो.

हात कुठे पोचतो ते लिहा

यादी झाली की बहुतेक जण रंगीत वर्तुळालेख काढतात आणि सर्वांत मोठ्या फोडीकडे धावतात. मी त्याच तक्त्याला आणखी दोन रकाने जोडते: या ओळीवर आपला अधिकार कोणता, आणि त्याची फाइल कोणत्या विभागात आहे. अधिकार चार प्रकारचे. आपल्या मालकीचं आहे. आपण परवानगी देतो. आपण कर किंवा शुल्क लावतो. किंवा यांतलं काहीच नाही, फक्त बोलावून बोलू शकतो. चौथ्या प्रकारात मोडणाऱ्या ओळींवर जनजागृतीचे फलक लावून वर्षं निघून जातात.

मालकीच्या गोष्टींत पथदिवे सगळ्यांना सुचतात. हिशेब करून बघा. २५० वॉटचा सोडियमचा दिवा काढून १२० वॉटचा एलईडी बसवला, वर्षाला ४,००० तास जळाला, तर ५२० युनिट वाचतात, म्हणजे साधारण ३६४ किलो. एक हजार दिव्यांचे ३६४ टन. लॉस एंजेलिसने २००९ पासून सुमारे १,४०,००० दिवे बदलले आणि त्यांचा वीजवापर निम्म्याहून कमी केला. काम चांगलंच आहे.

आता पंपघरात या. रोज १ कोटी लिटर पाणी १०० मीटर चढवायचं आहे. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के असेल तर रोज सुमारे ५,४५० युनिट लागतात. ती ७० टक्क्यांवर आणली तर ३,९००च्या आत. वर्षाला साडेपाच लाखांहून जास्त युनिट वाचले, सुमारे ४०० टन. म्हणजे एका पंपघराने हजार दिव्यांना मागे टाकलं, आणि ते काम एका छपराखाली होतं. गळती थांबवली तर चढवायचं पाणीच कमी होतं, तो फायदा वेगळा. पण पंपाचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, म्हणून त्याची फाइल खाली राहते. विजेच्या बिलासोबत ही तुलना एका पानावर टाइप करून वर पाठवा. माझ्या अनुभवात टनांपेक्षा बिलाचा रकाना आधी वाचला जातो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

परवानगीचा अधिकार सर्वांत कमी वापरला जातो. बार्सिलोनाने २००० मध्ये नव्या इमारतींना पाणी तापवण्यासाठी सौरऊर्जेची अट लागू केली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा घातली, पाळण्याची पहिली मुदत २०२४ पासून. टोकियोने २०१० मध्ये मोठी कार्यालयं आणि कारखान्यांवर कपातीचं बंधन घालून उत्सर्जन हक्कांची खरेदी-विक्री सुरू केली. एवढं सगळं पहिल्या दिवशी जमणार नाही. पण नवी इमारत पुढची पन्नासेक वर्षं उभी राहते. आज नकाशा मंजूर करताना सावली, वायुवीजन, छताचा रंग, सौरऊर्जेसाठी मोकळं छत या अटी घातल्या नाहीत, तर नंतर त्या घालायला कुणाच्या बापाला जमत नाही. नगररचना विभागाला पहिल्या बैठकीपासून बसवा.

शुल्काचा अधिकार राजकीयदृष्ट्या अवघड. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी काही महिने प्रायोगिक गर्दीशुल्क (गर्दीच्या भागात ये-जा करणाऱ्या वाहनांवरचं शुल्क) लावलं, मग सार्वमत घेतलं, आणि २००७ मध्ये ते कायम केलं. शुल्काच्या रेषेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी उतरली आणि आधी विरोधात असलेलं जनमतही वळलं. क्रम लक्षात घ्या: आधी अनुभव, मग मत. नॉटिंगहॅमने २०१२ पासून नोकऱ्या देणाऱ्या मोठ्या आस्थापनांकडून कामाच्या ठिकाणच्या पार्किंगवर शुल्क घेऊन तो पैसा ट्रामकडे वळवला. पैसा कुठे जातो हे दिसलं की विरोध मवाळ होतो.

विद्युत बसबद्दल विचारणा नेहमी येते. शेन्झेनने २०१७ अखेर आपल्या १६,००० हून अधिक बस विजेवर आणल्या, त्यामुळे हे होऊ शकतं यात शंका नाही. पण आपला हिशेब आपण करावा. डिझेलची मोठी बस १०० किलोमीटरला ४० लिटर घेते असं धरलं तर १०८ किलो. विजेची बस ११० ते १३० युनिट घेते; ०.७ च्या ग्रिडवर ७७ ते ९१ किलो. फायदा आहे, ग्रिड स्वच्छ होईल तसा वाढेल, हवा तर आजच सुधारेल. तरी कोळशाच्या ग्रिडवर खरी मोठी घट दुचाकी-मोटारीवरचा माणूस बसमध्ये येण्यातून होते. त्यामुळे बस कोणत्या इंधनाची यासोबत ती दर किती मिनिटांनी येते हेही त्याच प्रस्तावात लिहा.

लक्ष्य अंदाजपत्रकात बसवा

लक्ष्य जाहीर करणं सोपं असतं. टोरोंटोने १९९० मध्येच, म्हणजे बहुतेक देशांच्या आधी, २००५ पर्यंत २० टक्के कपातीचं लक्ष्य घेतलं होतं. कोपनहेगनने २०१२ मध्ये २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचा आराखडा मंजूर केला आणि दशकभर खूप काही करून दाखवलं, पण २०२२ मध्ये ते लक्ष्य गाठता येणार नसल्याचं सांगावं लागलं. कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातला कार्बन पकडून साठवण्यावर शेवटची घट अवलंबून होती आणि त्यासाठीचा निधी उभा राहिला नाही. यातून मी माझ्यापुरता एक नियम काढला आहे: लक्ष्यातल्या प्रत्येक टनासमोर लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, लिहायचं. ज्या टनाला लेखाशीर्ष नाही, तो आराखड्यात वेगळ्या रंगात.

ओस्लोने हे पद्धतशीर केलं. २०१७ च्या अंदाजपत्रकापासून तिथे पैशांच्या अंदाजपत्रकासोबतच हवामान अंदाजपत्रक मांडलं जातं. कोणत्या उपायाने किती टन कमी होणार, जबाबदारी कोणत्या विभागाची, तरतूद किती, हे सगळं एकाच तक्त्यात, आणि खर्चाच्या अहवालासोबत त्याचाही आढावा. मुंबई महापालिकेनेही २०२४ मध्ये असं अंदाजपत्रक प्रसिद्ध केलं. लेखा विभागातल्या बाईला हे आवडणारच, पण कारण व्यावहारिक आहे. पर्यावरण कक्षाचं पत्र विभागप्रमुख बाजूला ठेवू शकतो. तरतूद का खर्ची पडली नाही, या प्रश्नाला मात्र त्याला उत्तर द्यावंच लागतं.

संपूर्ण अंदाजपत्रकाला एकदम हात घालू नका. पाणीपुरवठा, घनकचरा आणि विद्युत, एवढे तीन विभाग घ्या. भांडवली कामांच्या प्रस्ताव नमुन्यात एक ओळ वाढवा: या कामामुळे वीज किंवा इंधनाचा वापर किती वाढेल वा घटेल. टनांत विचारू नका, युनिट आणि लिटरमध्ये विचारा. कनिष्ठ अभियंता ते बिनचूक सांगतो, टन आपण काढू.

दुसऱ्या वर्षीचा आकडा वाचताना

समजा पहिल्या वर्षी शहराने १० कोटी युनिट वापरले आणि गुणांक ०.८ होता: ८०,००० टन. काही वर्षांनी वापर ११ कोटींवर गेला, पण ग्रिड सुधारून गुणांक ०.७ झाला: ७७,००० टन. पुढारी म्हणतील उत्सर्जन घटवलं. घटलं खरं, पण ते वीजनिर्मितीतल्या बदलामुळे. शहराचा वापर १० टक्क्यांनी वाढला आहे. म्हणून मी प्रत्येक मोठ्या ओळीखाली दोन आकडे देते, एक त्या वर्षीच्या गुणांकाने आणि एक आधारवर्षाच्या गुणांकाने. दुसऱ्यात पालिकेची करणी दिसते. सोबत माणशी आकडा द्या, आणि हद्दवाढ झाली असेल तर आधारवर्षात नवी गावं मिळवून ते पुन्हा मोजा.

यादी दरवर्षी पूर्ण करणं लहान संस्थेला झेपत नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी करा, पण पंपांचे युनिट, ओल्या कचऱ्याचं वळवलेलं वजन आणि बसचे प्रवासी दर महिन्याला लिहा. यासाठी कोणताही गुणांक लागत नाही. वजनकाट्याची पावती, मीटरचं वाचन आणि तिकिटांची बेरीज पुरते.

सगळ्या पत्रांच्या प्रती, विभागणीची टिपणं, गुणांकांचा तक्ता आणि मूळ एक्सेल फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सल्लागार नेमला असेल तर पीडीएफ अहवालासोबत सूत्रांसह एक्सेल दिल्याशिवाय शेवटचं देयक काढायचं नाही, ही अट निविदेतच घाला. देयक निघून गेल्यावर ती फाइल मिळत नाही.